फॅट शून्य, एसएनएफ पुरेपूर

साशंक : जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, पेशंट आयसीयूतून वॉर्डात येतो, चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडाने खाणं सुरू होतं आणि दुसऱ्या सकाळी पोटातल्या नळीला लावलेल्या पिशवीत दूध दिसतं. कालपर्यंत तिथे फिकट लालसर पाणी होतं. आज पिशवी खिडकीशी धरली तर पलीकडचा उजेडही नीट दिसत नाही. घरच्यांना वाटतं, पू झाला. म्हातारी आई म्हणते, पाजलेलं दूध टाक्यांतून तसंच बाहेर आलं. मग डॉक्टर येतात, पिशवी बघतात आणि सांगतात, ‘लिम्फ लीक आहे. घाबरू नका, बहुतेक आपोआप बंद होईल. तेल, तूप, दूध बंद करा.’ माझी हरकत इथे आहे. इंदापूरहून जवळजवळ १४० किलोमीटर लांब, पुण्यातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आठ दिवस बसलेल्या पेशंटच्या मुलाला ‘तेल बंद करा’ हा उपचार वाटत नाही. त्याला वाटतं, यांच्याकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आश्वस्त : त्याला तसं वाटतं, कारण ते पांढरं पाणी कुठून आलं हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. १६२२ च्या जुलै महिन्यात गास्पारे आसेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडलं. आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी ते मज्जातंतू वाटले. एक दोरा कापला तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढे दुसऱ्या, उपाशी कुत्र्यात शोधलं तर जाळं दिसेचना. पहिलं कुत्रं नुकतंच पोटभर खाऊन आलं होतं, तिथे कोडं सुटलं. वॉर्डातली पिशवी पाचव्या दिवसापर्यंत पांढरी का होत नाही, याचं उत्तर तेच आहे. गळती पहिल्या दिवसापासून असू शकते, पण उपाशी माणसाचा हा रस पाण्यासारखा असतो. पोटात स्निग्ध पदार्थ गेला की तो दुधाळ होतो.

भात, साखर, डाळ पचली की रक्तात उतरते आणि थेट यकृताकडे जाते. तेल-तुपाची वाट वेगळी. त्याचे बारीक थेंब आतड्यातल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे लिम्फच्या नळ्यांत शिरतात, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोरच्या एका छोट्या तळ्यात जमतात आणि छातीतून वर जाणाऱ्या नलिकेने डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत पडतात. या दुधाळ रसाला काइल म्हणतात. निरोगी माणसात दिवसाला दोन ते चार लिटर रस या वाटेने वाहतो. नीरा डाव्या कालव्यावर वाढलेल्या माणसाला याचं चित्र काढून दाखवावं लागत नाही. पाट फुटला की फुटलेल्या जागी लगेच माती टाकत बसत नाहीत, कारण जोर असताना टाकलेली माती वाहून जाते. आधी वरचं गेट खाली करतात. तेल बंद करणं म्हणजे गेट खाली करणं. प्रवाह उतरला की आजूबाजूचे थर एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजतं. बहुसंख्य पेशंटमध्ये एवढ्याने गळती थांबते.

साशंक : दाखला तुम्ही काढलात, तर तो पुरता बघू. गेट खाली केलं की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं रान वाळतं. इंदापूर या कालव्याच्या टेललाच आहे, त्यामुळे आवर्तन लांबलं म्हणजे काय होतं हे तिथे कुणाला शिकवायला नको. या शरीराचं टेल कुठलं? कॅन्सरने आधीच पंधरा-वीस किलो वजन उतरलेलं, जठराचा मोठा भाग किंवा अख्खं जठर काढलेलं, एका वेळी वाटीभर पेज जेमतेम जाते. त्यातच तुम्ही आहारातला सगळ्यात जास्त ताकद देणारा घटक काढून घेता. दुसरी गोष्ट, पिशवीतून नुसतं तेल जात नाही. त्या रसात लिटरमागे वीस-तीस ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं असतात, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं असतात, मीठ असतं. दिवसाला अर्धा लिटर पिशवीत गेलं म्हणजे तीन-चार अंड्यांच्या पांढऱ्या भागाएवढी प्रथिनं गटारात गेली. आणि हे पंधरा दिवस चालू राहिलं तर? आपोआप बंद होईल, हे वाक्य ज्याच्या पोटातून गळतंय त्याच्यासाठी फार महाग आहे.

शिवाय मूळ प्रश्न तुम्ही ओलांडून गेलात. पाट फुटला कसा?

हा प्रश्न दवाखान्यात सहसा कुजबुजत विचारला जातो. नातेवाइकांच्या मनात संशय असतो की हात चुकला, आणि सर्जनच्या मनात भीती असते की आता आपल्यावर बोट येणार. दोघंही गप्प बसतात आणि मधल्या मधे पेशंटला काहीच कळत नाही. साशंकाने तो मोठ्याने विचारला हे बरं झालं, कारण त्याचं उत्तर लपवण्यासारखं नाही.

आश्वस्त : काही वेळा हात चुकतो, हे नाकारणार नाही. पण बहुतेक वेळा गळती ही कॅन्सर नीट काढण्याची किंमत असते. जठराचा कॅन्सर आधी आसपासच्या लसिकाग्रंथींत पसरतो. म्हणून जठराबरोबर त्याच्या रक्तवाहिन्यांलगतच्या, यकृताकडे आणि प्लीहेकडे जाणाऱ्या धमन्यांच्या कडेच्या ग्रंथीही खरवडून काढतात. जपानी सर्जननी घडवलेल्या या पद्धतीला डी-टू म्हणतात. किमान पंधरा-सोळा ग्रंथी पॅथॉलॉजिस्टच्या हातात आल्याशिवाय रोग किती पसरला होता हे खात्रीने सांगता येत नाही. आणि प्रत्येक ग्रंथी म्हणजे लसिकावाहिन्यांचा एक नाका. नाका उचलला की वाटा तुटणारच. मोठ्या वाटा सर्जन बांधतो, क्लिप लावतो, उष्णतेने सील करतो. केसाएवढ्या असतात त्या उपाशी पोटी दिसतही नाहीत. आसेल्लीला उपाशी कुत्र्यात दिसल्या नाहीत, तशाच.

साशंक : मग कमी काढा. गळण्याइतकं काढायचंच कशाला?

आश्वस्त : हाच वाद हॉलंडमध्ये झाला. १९८९ ते १९९३ या काळात तिथे ७११ पेशंटची दोन गटांत विभागणी झाली. एका गटात मोजक्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात डी-टू. सुरुवातीचा निकाल डी-टूच्या विरोधात गेला. ऑपरेशननंतर दगावणारे पहिल्या गटात शंभरात ४ होते, डी-टू गटात १०. तेव्हा अनेकांनी ठरवलं की हे जपान्यांनाच लखलाभ. पण पंधरा वर्षांनी, २०१० मध्ये त्याच पेशंटचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा जठराच्या कॅन्सरनेच मेलेले मोजक्या ग्रंथींच्या गटात ४८ टक्के निघाले, डी-टू गटात ३७ टक्के. सुरुवातीचे मृत्यू बऱ्याच अंशी प्लीहा आणि स्वादुपिंडाचा तुकडा काढण्यामुळे झाले होते. आता गरज नसताना ते कुणी काढत नाही.

तुमच्या बाजूचाही पुरावा देतो. जपानमध्येच आणखी पुढे जाऊन महाधमनीच्या कडेच्या ग्रंथीही काढून बघितल्या. ५२३ पेशंटचा तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला. पाच वर्षं जगणारे साध्या डी-टूमध्ये ६९.२ टक्के आणि जास्त खरवडलेल्या गटात ७०.३ टक्के, म्हणजे फायदा काहीच नाही. ते तळं तिथेच, मणक्यासमोर असतं, त्यामुळे तिथे हात घातला की गळतीचा धोका वाढतो. म्हणजे किती काढायचं याला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. डी-टूच्या आत राहूनही काही जणांना गळती होते. शंभरात किती, हे ‘गळती’ कशाला म्हणायचं त्यावर बदलतं. कुठे एखाद-दुसरा, कुठे त्याहून जास्त.

साशंक : म्हणजे ज्याला गळती होते त्याला असं सांगायचं की तू किंमत मोजतोयस. ठीक आहे, ते सांगा, पण ऑपरेशनच्या आधी सांगा. सह्या घेतानाच्या कागदावर ‘गुंतागुंत होऊ शकते’ एवढं एक वाक्य असतं. पांढरं पाणी येऊ शकतं, आलं तर घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही, हे कुणी तोंडाने सांगत नाही. आणि मग माणूस गावी आल्यावर ते सुरू झालं तर? आजकाल सहाव्या-सातव्या दिवशी नळी काढून घरी पाठवतात. नळी गेली की पिशवीही गेली. रस आतच साठणार. पोट फुगणार. घरचे म्हणणार गॅस झाला.

आश्वस्त : ही शंका खरी आहे, तिच्यावर वाद घालत नाही. घरी गेल्यावर पोट ताणलेलं वाटू लागलं, थोडं खाल्लं की दम लागतो, पाय सुजले, लघवी कमी झाली, तर सोनोग्राफी हवी. पाणी दिसलं तर सुईने काढून बघायचं. पांढरं आलं तर त्यातलं ट्रायग्लिसराइड मोजायचं. लिपिड प्रोफाइलमध्ये रक्तातलं जे मोजतात तेच इथे. डेसिलिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या वर आलं की काइल समजायचं, काही ठिकाणी २०० ची रेघ धरतात. बरोबर अमायलेज बघितलं म्हणजे स्वादुपिंडाची गळती आहे की नाही हे कळतं. सांध्यातून, म्हणजे अन्नमार्ग जिथे जोडला तिथून गळत असेल तर ताप येतो, नाडी पळते, पाण्याला वास येतो. त्यात एक तासही घालवायचा नसतो. तिन्हींत फरक करणं हे पहिलं काम. आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी बारामती, इंदापूर, भिगवण कुठल्याही लॅबमध्ये होते. या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

साशंक : करायची असते हे माहीत असेल तर. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या आधारावर १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्या नोंदींत आपल्या या पट्ट्यात तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा कॅन्सर ठळक दिसतो. जठराचा मिझोराममध्ये जेवढा दिसतो त्याच्या जवळपासही नाही. त्यामुळे तालुक्यातल्या डॉक्टरने जठर काढलेला पेशंटच मोजके पाहिलेले असतात, आणि काइलची गळती तर कित्येकांनी पुस्तकाबाहेर पाहिलेली नसते. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याने फरक पडतोय. पण पेशंट रात्री दहाला पोट फुगलं म्हणून पहिल्यांदा जिथे जातो तिथे बसलेल्या माणसाच्या डोक्यात हे नाव येईल याची हमी कोण देणार?

आणि आता तुमच्या स्वयंपाकघराकडे येऊ. तिथे तुमचं गणित सगळ्यात जास्त बिघडतं. बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत माणूस आजारी पडला की दूध वाढवतात. म्हशीचं, साय असलेलं. भाकरी कुस्करून. ऑपरेशनहून आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तांब्याभर दूध नाहीतर तुपाची बरणी घेऊन येतो. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. दूध बंद करा म्हणणं म्हणजे घरातल्या बाईला सांगणं की तू ज्या गोष्टीने आजवर सगळ्यांना बरं केलंस तीच आता विष आहे.

आश्वस्त : मला उलट वाटतं. तेल-तुपाचा हिशेब समजावून सांगायला याहून सोपा मुलूख महाराष्ट्रात सापडणार नाही. इथला प्रत्येक दूध उत्पादक रोज सकाळी संकलन केंद्रावर उभा असतो. यंत्रात नमुना जातो, पावतीवर दोन आकडे येतात : फॅट आणि एसएनएफ. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. दर त्यावर ठरतो. एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधातला बाकी सगळा घट्ट भाग. त्यातच प्रथिनं, साखर, चुना. मग या बाईला पुण्यातल्या आहारतज्ज्ञाची भाषा कशाला शिकवायची? तिला सांगा : पेशंटच्या ताटात फॅट शून्याच्या जवळ, एसएनएफ पुरेपूर. तिला एका वाक्यात कळेल.

आकडे बघा. गळती चालू असताना दिवसाचं सगळं मिळून तेल-तूप दहा-पंधरा ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. म्हशीच्या दुधाचा एक पेला, पाव लिटर, म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम फॅट. दिवसभराचा कोटा एका पेल्यात संपला. मूठभर शेंगदाण्याचं कूट, तेवढंच. याउलट स्किम्ड दूध पावडरीत शंभर ग्रॅममागे प्रथिनं पस्तीस ग्रॅमच्या आसपास आणि फॅट दीड ग्रॅमच्या आत. आणि ही पावडर बारामती-इंदापूरच्या डेअऱ्यांतच तयार होते. लोणी पूर्ण काढलेलं ताक आहे. अंड्याचा पांढरा भाग आहे, त्यात फॅट जवळजवळ नाही. उजनी धरणातली चिलापी मासळी आहे, भिगवणच्या बाजारात रोज येते. काटे काढून, तेल न घालता, हळद-मीठ-कोथिंबिरीत वाफवली तर ती औषध आहे. मऊ भात, फोडणी न दिलेलं मुगाचं वरण. एवढं तर घरात आहे.

इथे आश्वस्ताचा आवाज चढला होता, आणि तो चढणं समजण्यासारखं आहे. आहाराचा इंग्रजी तक्ता पेशंटच्या हातात कोंबून पाठवण्यापेक्षा संकलन केंद्राच्या पावतीची भाषा कितीतरी जास्त कामाची. पण साशंक स्वयंपाकघरातून इतक्यात बाहेर पडायला तयार नव्हता.

साशंक : ताक आणि वरणावर जठर नसलेला माणूस किती ऊर्जा मिळवील? तो दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खातो. तेल नाही म्हणून घरचे गूळ वाढवतात, उसाचा रस देतात, आपल्याकडे त्याची कमी नाही. जठर नसताना एकदम साखर आतड्यात उतरली की घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, जुलाब होतात. म्हणजे तेल बंद, साखर एका वेळी जपून, आणि काही जणांना ऑपरेशननंतर दूधही पचत नाही, पोट डब्ब होतं. तुमची पावडर तिथे अडते. मग उरलं काय? कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगतं, खोबरेल तेल चालतं. ते चालतं का?

आश्वस्त : बरं झालं विचारलंत, कारण ही चूक फार होते. एमसीटी नावाचं तेल चालतं. त्यातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या आठ आणि दहा कार्बनच्या, म्हणजे आखूड असतात. त्या लसिकेच्या पाटाने जातच नाहीत, भातासारख्या थेट रक्तातून यकृताकडे जातात. म्हणून गळतीला पाणी न पुरवता ऊर्जा मिळते. हे तेल खोबऱ्यापासून काढता येतं, त्यातूनच गैरसमज झाला. सरसकट खोबरेल तेलात साधारण निम्मं लॉरिक आम्ल असतं, बारा कार्बनचं, आणि ते बऱ्याच अंशी लसिकेच्या वाटेनेच जातं. म्हणजे खोबरेल तेल घातलं की गेट पुन्हा उघडलं. एमसीटी मेडिकलमधून वेगळं आणावं लागतं, चमच्या-चमच्याने वाढवावं लागतं, नाहीतर मुरडा येतो. त्यात तळायचं नाही, शिजलेल्या भातावर, वरणावर घालायचं. आणि त्यात शरीराला लागणारी आवश्यक स्निग्धाम्लं नसतात, म्हणून हा आहार महिनोन्महिने ओढायचा नाही. अख्खं जठर काढलेलं असेल तर बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर, ते गळतीशी संबंध नसलं तरी याच यादीत लिहून ठेवायचं.

साशंक : आता तुम्ही माझ्या मुद्द्याजवळ येताय. आहार दिला, दहा दिवस झाले, पिशवीत अजून रोज सातशे-आठशे मिलिलिटर येतंय. तेव्हा काय म्हणता? आणखी थांबा?

आश्वस्त : तेव्हा तोंडाने खाणं पूर्ण बंद करून मोठ्या शिरेतून सगळं पोषण देता येतं. पाट जवळजवळ कोरडा पडतो. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, सहसा १०० मायक्रोग्रॅम दिवसातून तीनदा त्वचेखाली, लसिकेचा प्रवाह कमी करतं. मग लिम्फँजिओग्राफी. जांघेतल्या ग्रंथीत सोनोग्राफीखाली बारीक सुई घालून लिपिओडॉल सोडतात आणि ते वर चढताना एक्स-रेखाली बघतात. कुठून सांडतंय ते दिसतं. लिपिओडॉल हे खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेलं द्रव्य आहे. ते फुटलेल्या जागी थोडा दाह करतं आणि काही पेशंटमध्ये एवढ्यानेच भोक बुजतं. नाही बुजलं तर सुईवाटेच वाहिनी बंद करण्याचा प्रयत्न होतो. पुन्हा पोट उघडून बांधणं ही शेवटची पायरी, कारण आठ-दहा दिवसांच्या चिकटलेल्या पोटात केसाएवढी वाहिनी शोधणं सोपं नसतं.

साशंक : आणि हे सगळं इंदापुरात नाही.

आश्वस्त : नाही. पुण्यात आहे, मुंबईत आहे. लिम्फँजिओग्राफी करणारे हात तिथेही मोजके.

साशंक : मग माझं म्हणणं ऐका, कारण मी थांबण्याच्या विरोधात नाही. मी न मोजता थांबण्याच्या विरोधात आहे. समजा, इंदापूर तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा ऊस उत्पादक. ऑपरेशन कार्तिकात झालं, कारखान्याची तोड चालू, मुलगा एकटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना आता पाच लाखांचं संरक्षण देते, त्याबद्दल वाद नाही. पण मुलाचे बुडालेले दिवस, खोलीचं भाडं, रोजची ये-जा हे कुठल्या पॅकेजात बसत नाही. म्हणून बाराव्या दिवशी तोच म्हणतो, घरी सोडा. नळीसकट सोडतात. शिरेतून दिलेलं पोषण घरी चालत नाही, त्या नळीतून जंतू शिरले की जिवावर बेततं. म्हणून तोंडाने आहार. आता घरी रोज पिशवीतलं किती मिलिलिटर आलं हे कोण मोजणार? रंग कोण बघणार? आठवड्याचं वजन, लघवी, अल्ब्युमिन?

आणि घड्याळ फक्त गळतीचं नसतं. ऑपरेशननंतरची केमोथेरपी सहा-आठ आठवड्यांत सुरू व्हावी असं तुम्हीच सांगता. जर्मनीतल्या फ्लॉट पद्धतीचा अभ्यास २०१९ मध्ये आला. चार औषधं, ऑपरेशनआधी चार फेऱ्या, नंतर चार. मध्यम आयुर्मान जुन्या पद्धतीच्या ३५ महिन्यांवरून ५० वर गेलं. पण नंतरच्या चार फेऱ्या पुऱ्या करू शकणारे त्या अभ्यासातही निम्म्याच्या आसपास होते. आमचा माणूस गळतीने खंगून गेला तर त्याला त्या फेऱ्या मिळणारच नाहीत. गळती बंद झाली, पण केमो चुकला, असं झालं तर तुमचं ‘आपोआप बंद झालं’ हे यश कुणाच्या खात्यात मांडायचं?

आश्वस्त : याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं आहे. मोजणं अवघड नाही. पिशवीवर रेघा असतात. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मार्करने पातळीवर खूण करायची, शंभर पानी वहीत चार रकाने आखायचे : तारीख, मिलिलिटर, रंग, वजन. पाचवीतली नात हे करू शकते, आणि मी करताना पाहिलंय. उपकेंद्रात वजनकाटा आहे, आशाताई आहे. वहीचा फोटो दर दोन दिवसांनी सर्जनला पाठवायचा. दिवसाला लिटरच्या वर सलग पाच-सात दिवस आलं तर बरेच सर्जन आहारावर विसंबून बसत नाहीत. कमी होत जाणारं आणि पांढऱ्याचं परत पाण्यासारखं होणारं असेल तर घरी थांबता येतं. शेवटी नळी काढण्याआधी एकदा थोडं तेलाचं खाणं देऊन बघतात. पांढरं आलं नाही तरच नळी निघते.

साशंक : लिटरच्या वर म्हणालात. ज्याचं वजन बेचाळीस किलो आहे त्यालाही लिटर, आणि ज्याचं सत्तर आहे त्यालाही? सहाशे मिलिलिटर तीन आठवडे चाललं तर ते लिटरपेक्षा कमी म्हणून चालेल?

आश्वस्त : नाही चालणार. एक आकडा सगळ्यांना लावता येत नाही, आणि तसा सर्वमान्य आकडा पुस्तकातही नाही. पण त्या एका पेशंटचा आकडा काढता येतो. त्याचं वजन, त्याचं अल्ब्युमिन, त्याच्या केमोची तारीख बघून सर्जनने डिस्चार्ज कार्डावर लिहावं : रोज इतक्या मिलिलिटरच्या वर, सलग इतके दिवस, किंवा आठवड्यात इतके किलो उतरले, की घरी थांबायचं नाही.

साशंक : किती कार्डांवर तुम्ही असं लिहिलेलं पाहिलंय?

आश्वस्त : थोड्या.

साशंक : आणि ज्या थोड्यांवर लिहिलेलं होतं, त्यातला तो आकडा एखाद्या रात्री ओलांडला गेला, पिशवी भरली, बाहेर पाऊस आहे, मुलगा तोडीच्या फडात आहे. तेव्हा ते कार्ड घेऊन घरातल्या बाईने कोणाच्या दारात जायचं, हेही त्यावर लिहिलेलं होतं का?

आश्वस्त : फोन नंबर होता. पुण्याचा.